कूलरसमोरचा लॅपटॉप

आमच्याकडे उन्हाळ्याची वर्दी कोकीळ देत नाही, पत्रा देतो. होळी आटोपली की प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत घरोघरचे कूलर गच्चीवरून खाली उतरू लागतात. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते भिंतीला घासतात. खालचा माणूस ओरडतो, "हळू घे न गा, बोट चेंबून राहिलं माझं!" वरचा म्हणतो, "मंग बोट काढ न!" मग ट्रेमधला गंज खरवडायचा, आतून काळा रंग फासायचा, भुसा झालेल्या जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या बसवायच्या. त्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की घरभर जो ओला वास सुटतो, त्याच्या जोरावर नागपूरचा माणूस पुढचे तीन महिने सूर्याशी भांडण काढतो.

मलाही तो वास आवडायचा. आता तो आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

काल बाबांनी कूलर सुरू केला आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवरून लॅपटॉप काढला. का काढला ते मलाही सांगता येणार नाही. मागच्या उन्हाळ्यात तो तिथेच पडून होता. आई झटकायची, पुन्हा ठेवायची. जाडजूड, वजनदार, आजच्या पोरांना दाखवला तर हसतील असा लॅपटॉप. त्याच्या झाकणाच्या कोपऱ्याला काळ्या दोऱ्याने बांधलेलं लिंबू आणि मिरच्या अजून लोंबत होत्या. लिंबू सुकून सुपारीएवढं झालं होतं.

हा लॅपटॉप माझ्या दादाचा, विनोदचा. दादा वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग सांभाळायचा. अमरावती रोडवरच्या गोदामांच्या रांगेतली एक खोली, समोर ट्रक, मागे ट्रक, मध्ये दादा आणि त्याचा फोन. कुठला माल कुठल्या गाडीत चढला, ती गाडी आत्ता कुठे असेल, सगळं त्याच्या डोक्यात. दिवसभर व्यापारी विचारायचे, गाडी कुठं पोचली? दादाचं उत्तर ठरलेलं असायचं, "रस्त्यात हाय साहेब, पोचूनच राहिली." गाडी पंक्चर होऊन पडलेली असो, की ड्रायव्हर धाब्यावर खाटेवर घोरत असो, उत्तर तेच. घरातही तीच तऱ्हा. आईने स्वयंपाकघरातून विचारावं, "विनोद, आंघोळ झाली का गा?" आणि बनियनवर पेपर वाचत बसलेल्या दादाने मान वर न करता म्हणावं, "रस्त्यात हाय."

इतक्या ट्रकांना वाटेला लावलं, पण स्वतः कधी ट्रक चालवला नाही त्याने. मोठ्या गाडीचं लायसन्स काढायची फार हौस होती. बाबा सरकारी कारकुनी करून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "पंख्याखाली खुर्ची भेटली, ते सोडून ड्रायवरकी करतं का?" दादा हसून सोडून द्यायचा. राहून गेलं ते. मग एका हिवाळ्यात त्याच्या हातून पेन सुटायला लागलं. आधी आम्ही थंडीवर ढकललं, मग अशक्तपणावर. शेवटी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, मज्जातंतूंचा आजार आहे, इलाज नाही. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं. त्याच्यापुढचं ते बोलले नाहीत. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील असं म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू पेढेच वाटत होते. त्या डॉक्टरांचा मला आजही राग येतो. त्यांची काही चूक नव्हती, हे कळूनही येतो.

मी कामठीच्या एका शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे उन्हाळा माझा असतो. त्या उन्हाळ्यात दादाही घरीच होता, कारण वाडीला जाणं बंद झालं होतं. परीक्षांचे पेपर तपासून मी मोकळी झाले होते आणि दुपारी त्याच्यासमोर डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, फोडी कापत बसले होते. तो म्हणाला, "शिल्पे, मले ट्रक चालवायचा हाय."

माझ्या हातातली सुरी थांबली.

"तसा नाही वं," तो म्हणाला. "लॅपटॉपवर. बोटं हायत तोवर. एक लांबचा माल न्यायचा, अन् सोता पोचवायचा. बस."

एवढंच मागणं होतं. माझ्या भावाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही आणि मागितलं ते हे. कोण नाही म्हणणार?

पण लॅपटॉप म्हातारा. ट्रक चालवण्याचा खेळ त्यात होता, तो सुरू केला की चित्र असं अडखळायचं की गाडीला उचकी लागल्यासारखं वाटायचं. नवी सिस्टीम टाकायला गेलो तर पडद्यावर सूचना आली की हे यंत्र त्या लायकीचं नाही. दादा हसला. "घे. याच्यापुढंबी डॉक्टरनं हात टेकले."

मग त्याने लिनक्सचा विषय काढला. वाडीच्या मालकाला नवे कॉम्प्युटर घेण्याची भारी ॲलर्जी होती, म्हणून ऑफिसातली सगळी म्हातारी यंत्रं दादाने लिनक्स घालून जिवंत ठेवली होती. हलकी सिस्टीम, जुन्या हाडांना झेपणारी. पेन ड्राइव्ह तयार होता. तो सांगणार, मी बटणं दाबणार, असं ठरलं. मला कॉम्प्युटरमधलं मार्कशीट भरण्यापलीकडे काही येत नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग धावू लागली तेव्हा मी घाबरून हात मागे घेतला. "धावू दे," दादा म्हणाला. "सामान चढून राहिलं गाडीत."

मध्येच पडद्यावर जगाचा नकाशा आला, तुम्ही कुठे राहता ते दाखवा. मी भूगोलाच्या बाईच्या रुबाबात भारताच्या पोटात बरोबर नागपूरवर टिचकी मारली. वर नाव उमटलं, कोलकाता. पुन्हा मारली, पुन्हा कोलकाता. मला मनापासून संताप आला. "झिरो माइल आमच्या गावात, अन् घड्याळ कोलकात्याचं?" दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग यंत्राने विचारलं, तुमचं नाव काय. मी 'विनोद' टाइप करायला लागले, तर तो म्हणाला, "नाही. ड्रायवर लिही."

आणि मग तो प्रश्न आला. पूर्ण डिस्क पुसली जाईल, चालेल ना? फोटो, गाणी, दादाच्या कॉलेजपासूनचं सगळं त्याने आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवलं होतं, मला माहीत होतं. तरी माझा हात पुढे होईना.

"पुस न."

"सगळं?"

"हाव. नवीन गाडी रिकामीच भेटते बाप्पा. आन इकडे, मी दाबतो."

मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. उजव्या हाताची तर्जनी त्यातल्या त्यात अजून त्याचं नीट ऐकायची. ती उचलायला त्याला वेळ लागला. ती बटणावर पडली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी नंतर पुन्हा पाहिलं नाही. आपल्या हाताने काहीतरी सुरू केल्याचा आनंद होता तो. आम्हा धडधाकट लोकांना तो दिवसातून शंभर वेळा होतो आणि कळतही नाही.

खेळ काही लगेच चालला नाही. तो दुसऱ्या सिस्टीमसाठी बनलेला, लिनक्सला त्याची भाषा येईना. त्यासाठी मध्ये एक प्रोग्राम बसवावा लागतो, तो खेळाचं बोलणं ऐकतो आणि लिनक्सला समजेल असं सांगतो. "म्हणजे दुभाषी," मी म्हटलं. "दलाल म्हण," दादा म्हणाला. "त्याच्याबिगर कोणाचा माल हालला हाय का?" तो मधला माणूस बसवण्यात आमचे किती दिवस गेले, देव जाणे. कधी आवाज यायचा आणि चित्र नाही, कधी चित्र यायचं ते उलटं. पण एका सकाळी ट्रकचं इंजिन घुरघुरलं आणि पडद्यावर रस्ता आला, सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना हिरवी शेतं. आई पदराला हात पुसत आली आणि ओरडली, "थांबा! नवी गाडी हाय न, तशीच कशी काढून राहिले?" तिने लिंबू-मिरची बांधली, लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं. कुंकवाचे दोन कण की-बोर्डात गेले. ते अजूनही तिथे आहेत.

मग नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस. नागपूरच्या नवतप्यात रस्त्यावर कर्फ्यू लावावा लागत नाही, ऊनच लावतं. तोंडाला दुपट्टा बांधून एखादा माणूस गेलाच तर तो औषध आणायला तरी निघालेला असतो, नाहीतर जावई तरी असतो. अशा दुपारी दादा ट्रक चालवायचा. बाहेर डांबर वितळलेलं, आणि आत पडद्यावर थंड मुलखातले ओले रस्ते. लॅपटॉपचं बूड इतकं तापायचं की तो अर्ध्या वाटेत आपला आपण बंद पडायचा. आम्ही त्याला स्टीलच्या उलट्या ताटावर बसवला, पंख्याखाली नेला. फरक शून्य.

एके दिवशी आम्ही जेवत होतो आणि बाबांनी त्याला कूलरसमोर ठेवला. पाट घेतला, त्यावर लॅपटॉप उघडा ठेवला, कूलर फुल केला, पंप लावला. कुणालाही न सांगता, पोराची सोय व्हावी म्हणून. त्यात नवल काही नाही. तापलेल्या प्रत्येक गोष्टीवर आमच्याकडे एकच इलाज असतो, कूलरसमोर घ्या. उन्हातून आलेला पाहुणा, तान्हं पोर, भांडून आलेली सून, सगळ्यांना तोच. आम्ही आमरस संपवून उठलो तेव्हा बटणांवर पाण्याचे बारीक थेंब उभे होते, माठावर असतात तसे.

लॅपटॉप मेला नाही. पण उजव्या बाजूची बटणं गेली, त्यात गाडी वळवायची ती बाणांची चारही.

बाबा पंचाने एकेक बटण टिपत राहिले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. दादाने की-बोर्डाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांडीवर पडलेल्या हातांकडे पाहिलं. "बाबा, चांगलं केलं तुम्ही," तो म्हणाला. "ऊन लागलं होतं त्याले." आणि मग, "आता आम्ही दोघं बराबरीचे झालो." तो हसत होता. बाबा उठले आणि भर दुपारी गच्चीवर जाऊन उभे राहिले. आईने दोनदा हाक मारली तेव्हा खाली आले. डोळे लाल होते. उन्हाने झाले म्हणाले, आणि आम्ही ते मान्य केलं.

या लिनक्सचा एक गुण आहे, त्याला तुम्ही सांगाल ते बटण तुम्ही सांगाल ते काम करतं. दादाने मला ते शिकवलं. मग आमचा एक नवाच उद्योग सुरू झाला, लॅपटॉपची जिवंत बटणं आणि दादाची जिवंत बोटं यांचा मेळ घालायचा. आज कुठलं बोट उठतंय, ते कुठवर पोचतंय, तिथलं बटण चालू आहे का. असेल तर वळण त्याच्यावर द्या. इंडिकेटर आधी सोडून दिले, मग हॉर्न. "हॉर्न नाही तर ट्रक काय कामाचा," तो कुरकुरला. दर काही दिवसांनी मी बटणं बदलायची. बदलताना आम्ही दोघं मजेत बोलायचो, आणि झालं की मी माठातलं पाणी प्यायला उठायचे. पाणी प्यायचे नाही. माठाशी उभी राहायचे. माझ्या दादाच्या हातांचा नकाशा मी रोज नव्याने काढत होते, आणि रोज त्यातला एक प्रदेश कमी होत होता.

शेवटी बोटं राहिलीच नाहीत. मग सोडलेलं इंडिकेटरचं बटण परत लावून मी चालवू लागले आणि तो सांगू लागला. "डावीकडे घे. हळू वं. काहून पळवून राहिली? मांगं माल हाय." मी चौकात गाडी रेटली की तो डोळे मिटून घ्यायचा. मी एकदा वळणावर ट्रक पार उताणा केला, तर म्हणाला, "तुले मी झाडूचाबी माल नसता देला." बोलणं जड होत चाललं होतं. आधी शब्दांच्या कडा गेल्या, मग शब्द. पाहुणे यायचे, काकडीच्या कोशिंबिरीसारखं तोंड करून बसायचे, हिंमत ठेवा म्हणायचे. कुणाची हिंमत, कुठे ठेवायची, हे एकानेही सांगितलं नाही. दादा काही बोलला की ते माझ्याकडे बघायचे. त्याचं बोलणं आता मलाच कळायचं, कारण दुपारभर मी त्याच्या शब्दावर गाडी चालवत होते. तो बोलायचा, मी लोकांना सांगायचे. कधी तो म्हणायचा, याले म्हण जाय आता घरी, आणि मी म्हणायचे, दादा म्हणतो चहा घेऊन जा. आम्हा दोघांनाही कळायचं आणि दादाच्या डोळ्यांत हसू यायचं. तो मधला दलाल बसवायला आम्ही इतके दिवस घालवले होते, आणि मी त्याच जागेवर येऊन बसले होते.

लांबचा माल त्याने तेव्हाच निवडला होता, जेव्हा त्याची दोन बोटं चालत होती. नकाशाच्या दक्षिण टोकाच्या बंदरातून पार उत्तरेला, काचेची तावदानं. "फुटणारा माल घेतला का कोणी झोपत नाही," म्हणाला. निम्मी वाट त्याने स्वतः कापली, पुढची मी, त्याच्या सांगण्यावर. थोडी थोडी, त्याला दम असेल तेवढी. एका दुपारी पडद्यावर बर्फ पडायला लागलं. वायपर हलू लागले. आईला बोलावलं, ती पाटावर येऊन बसली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "पाहूनच थंड वाटते वं," म्हणाली. मागे कूलर गरगरत होता, खिडकीच्या पडद्यामागे ऊन पांढरं झालं होतं, आणि आम्ही तिघं बर्फातून चाललो होतो. त्या दुपारी आम्ही सुखी होतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मुक्काम फार लांब नव्हता. पण दादाला धाप लागली. "साइडले लाव," त्याने सांगितलं. मी लावला. "हँडब्रेक." ओढला. "इंडिकेटर." मी म्हटलं, "दादा, इथे कोण येतंय मागून?" त्याने फक्त पाहिलं. मी इंडिकेटर लावला. "उद्या," तो म्हणाला.

उद्या दवाखाना होता. तिथून तो घरी आला, पण श्वासाच्या मशीनसकट आला, आणि त्या मशीनच्या आवाजापुढे दुसरा कुठला आवाज आम्हाला सहन होत नव्हता. त्यानंतरचं मला लिहायचं नाही. पाऊस कधी आला, कधी गेला, मला आठवत नाही. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल सजवून दाराशी आली आणि दादाला न्यायला ओट्यावर जमलेली माणसं पाहून तशीच परत गेली, तेवढं आठवतं.

तर काल मी लॅपटॉप काढला. चार्जर लावला. बराच वेळ काही झालं नाही, मग पडद्यावर नाव आलं, ड्रायवर. पासवर्ड म्हणजे एकच अक्षर, पुन्हा पुन्हा, एका बोटाचा पासवर्ड. खेळ उघडला. त्यात एक ओळ असते, पुढे चालू ठेवायचं का? मी हो म्हटलं.

ट्रक तिथेच उभा होता. बर्फ पडत होतं, वायपर चालू होते, इंडिकेटर लुकलुकत होता. कोपऱ्यात त्या जगाचं घड्याळ असतं आणि माल कधीपर्यंत पोचवायचा तेही लिहिलेलं असतं. खेळ बंद असला की ते घड्याळ थांबतं. म्हणजे त्या रस्त्यावर एक मिनिटही गेलेलं नव्हतं. माल वेळेत होता. तिथे अजून तीच दुपार होती, आणि ड्रायव्हर जरा दम खायला थांबला होता, इतकंच.

मी बटणावर बोट ठेवलं. त्याने शेवटी लावून घेतलेलं बटण, डाव्या हाताच्या अंगठ्याखालचं. दाबलं की गाडी निघणार. थोडीच वाट उरली आहे, वळणंही फारशी नाहीत. मला आता ट्रक बरा चालवता येतो. त्याने मागितलं होतं ते एवढंच होतं, माल पोचवायचा, आणि पोचवणं माझ्या हातात होतं. पण माल पोचला की गाडी रिकामी होते. मग ड्रायव्हरही उतरतो, दार लावून घेतो आणि चालू लागतो. मी तशीच बसून राहिले. काचेवरचं बर्फ वायपर पुसत होते, पुन्हा बर्फ पडत होतं.

मागे पाण्याचा आवाज आला. बाबा बादलीने कूलर भरत होते. भरून झाल्यावर त्यांनी कूलरला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, टेबलापासून लांब. वारा एकदम बंद झाला, घामाची धार लागली. ते आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. त्या दुपारनंतर लॅपटॉपच्या जवळ ते कधी आले नव्हते. त्यांच्या ओल्या हातांना वाळ्याचा वास येत होता. बराच वेळ त्यांनी तो बर्फातला ट्रक पाहिला.

"कुठं पोचली वं गाडी?" त्यांनी विचारलं.

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

"रस्त्यात हाय, बाबा," मी म्हटलं. "पोचूनच राहिली."